वनस्पतिजन्य ‘नॅनो’ जेल : द्राक्षबियांच्या अर्काचे उत्पादन बाजारात आणावे का?

गोदाकाठ

सर्व सदस्यांना नमस्कार. गंगापूर रोड परिसरातील आमचा महिला बचत गट काही वर्षांपासून कोरफडीचे जेल आणि साबण विकतो. जेल आमच्या नावाने विकले जाते, परंतु ते अंबड औद्योगिक वसाहतीतील एका परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात आपले उत्पादन करून घेण्याच्या परवान्यावर, तयार करून घेतले जाते. अलीकडे एका पुरवठादाराने द्राक्षबियांच्या अर्काचे ‘नॅनो’, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे, द्रावण आणून दाखवले. ते फिकट तपकिरी आणि किंचित दुधाळ असून शंभर ग्रॅम जेलमध्ये दोन ग्रॅम मिसळावे, असे त्यांचे म्हणणे आहे. साध्या अर्काच्या जवळजवळ चौपट त्याचा दर आहे. माहितीपत्रकात लिहिले आहे की हे कण ‘त्वचेच्या सातव्या थरापर्यंत’ पोहोचतात, वांग नाहीसे करतात आणि सुरकुत्या भरून काढतात.

नाशिक आणि द्राक्ष ही जोडी ग्राहकाला समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे गटातील बहुतेक जणी उत्सुक आहेत. माझी शंका अशी की आपण नेमके कशाचे पैसे देणार आहोत? नॅनो स्वरूपामुळे अर्काचा गुण खरोखर वाढतो का, त्यात धोका आहे का, आणि परवान्याच्या दृष्टीने काय करावे लागेल? या विषयातील जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रसायनी

ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बाजारात ‘वनस्पतिजन्य नॅनो’ या एकाच पाटीखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्यांपैकी कोणती आपल्यासमोर आहे हे ठरल्याशिवाय पुढची चर्चा व्यर्थ आहे. पहिल्या प्रकारात वनस्पतीचा अर्क किंवा तेल एखाद्या सूक्ष्म वाहकात भरलेले असते. हा वाहक लेसिथिन या मेदद्रव्याचा लायपोसोम, म्हणजे सूक्ष्म पोकळ गोळा, असेल, घन मेदाचा कण असेल किंवा तेलाचे पाण्यात विखुरलेले थेंब असतील. दुसऱ्या प्रकारात वनस्पतीचा अर्क केवळ चांदी, सोने किंवा झिंक ऑक्साइडचे कण तयार करण्यासाठी वापरलेला असतो आणि शेवटी त्वचेवर जातो तो प्रामुख्याने धातू किंवा त्याचे संयुग. तिसऱ्या प्रकारात जेलचा सांगाडाच वनस्पतीचा असतो, म्हणजे सेल्युलोजचे नॅनोमीटर (मिलिमीटरचा दशलक्षांश) जाडीचे तंतू पाणी धरून ठेवतात. तुमचे द्रावण वर्णनावरून पहिल्या प्रकारातले वाटते. लेसिथिनचे असावे, असा माझा अंदाज आहे, पण ते पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

आता त्वचेकडे वळू. आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी केवळ दहा ते वीस मायक्रोमीटर जाडीचा असतो, परंतु खरा अडसर तोच असतो. चपट्या पेशी आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा गच्च गिलावा अशी त्याची रचना आहे. त्यातून पाचशे डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) जड रेणू सहसा पुरेशा प्रमाणात आत जात नाहीत, हे निरीक्षण बॉस आणि माइनार्डी यांनी 2000 साली मांडले आणि सौंदर्यप्रसाधनांच्या रचनाकारांना आजही ते उपयोगी पडते.

या कसोटीवर द्राक्षबी तपासा. त्यातील कॅटेचिन सुमारे 290 डाल्टनचे आहे, परंतु अर्काची ख्याती ज्या प्रोअँथोसायनिडिनांमुळे, म्हणजे कॅटेचिनसारख्या एककांच्या साखळ्यांमुळे, आहे, त्यांचे दोन एककांचे रेणू 578, तीन एककांचे 866 आणि त्यापुढचे आणखी जड असतात. शिवाय हे रेणू जलप्रिय आहेत, तर अडसर मेदाचा आहे. म्हणून त्यांना लायपोसोममध्ये घालण्यामागे तर्क निश्चित आहे. मात्र तोच तर्क प्रत्येक वनस्पतीला लागू पडत नाही. द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेरॅट्रॉल केवळ 228 डाल्टनचे आहे, त्याला आत जाण्यासाठी फारशा मदतीची गरज नाही. त्याची अडचण अशी की ते पाण्यात जेमतेम विरघळते आणि प्रकाशात त्याची रचना बदलते. हळदीतील कर्क्युमिन 368 डाल्टनचे असते. तेही पाण्यात विरघळत नाही, अल्कधर्मी माध्यमात झपाट्याने विघटित होते आणि कपड्यांवर पिवळे डाग पाडते ते वेगळेच. अशा तेलप्रिय रेणूंना नॅनो इमल्शन किंवा मेदकण खरोखर उपकारक ठरतात. याउलट ब्राह्मी म्हणून विकल्या जाणाऱ्या मंडूकपर्णीतील मॅडेकॅसोसाइड 975 डाल्टनचे आहे, तिथे वाहकाकडून अपेक्षा कितीही ठेवली तरी ती बेतानेच ठेवावी.

हे तंत्र कालपरवाचे नाही, हेही नमूद करतो. लायपोसोमची ओळख ॲलेक बँगहॅम यांच्या केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथील कामातून 1960 च्या दशकात झाली, आणि क्रिस्तियाँ दिओर कंपनीने ‘कॅप्चर’ हे लायपोसोमयुक्त प्रसाधन 1986 साली बाजारात आणले. 1990 च्या दशकाच्या आरंभी घन मेदकण आले. त्यामुळे पुरवठादार ‘अत्याधुनिक’ म्हणत असेल, तर निदान त्या शब्दाचे चौपट पैसे देण्याचे कारण नाही.

बीफार्म_तिसरे_वर्ष

सर, आमच्या महाविद्यालयात कडुलिंबाच्या पानांच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट मिसळून चांदीचे कण करण्याचे प्रकल्प दरवर्षी होतात. द्रावणाचा रंग पिवळसर तपकिरी झाला की कण तयार झाल्याचे समजते, आणि पुढे ते कार्बोपॉल या कृत्रिम पॉलिमरच्या जेलमध्ये घालून मुरमांवर उपयोगी असल्याचे लिहितात. हा दुसरा प्रकारच ना? मग तो हर्बल म्हणून विकता येईल का?

रसायनी

होय, दुसरा प्रकार. अर्कातील पॉलिफिनॉले ही वनस्पतिजन्य संयुगे चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, धातूचे कण जमतात आणि 400 ते 450 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषला जाऊ लागल्याने तो रंग दिसतो. प्रकल्प म्हणून तो उत्तम आहे, कारण एका दुपारी विद्यार्थ्याला रसायनशास्त्र डोळ्यांनी पाहता येते. पण प्रयोगशाळेत जिवाणूंच्या थाळीवर त्यांची वाढ थांबल्याने मिळालेले स्वच्छ वर्तुळ आणि माणसाच्या चेहऱ्यावर महिनोन्महिने लावायचे जेल यांत फार अंतर आहे. युरोपीय संघाने 2024 च्या 858 क्रमांकाच्या नियमाने नॅनो स्वरूपातील कलिली (कोलॉइडल) चांदी, सोने, तांबे आणि प्लॅटिनम यांचा सौंदर्यप्रसाधनांतील वापर बंद केला. नवी उत्पादने 1 फेब्रुवारी 2025 पासून आणि आधीपासून विक्रीत असलेली 1 नोव्हेंबर 2025 पासून तिथे ठेवता येत नाहीत. तयार करताना पाने वापरली म्हणून चांदी हर्बल होत नाही.

सावली

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिक रोडला काम करते. रसायनी सरांनी रेणूंबद्दल लिहिले, मी कणांबद्दल लिहिते, कारण माहितीपत्रके या दोहोंची गल्लत करून ठेवतात.

कण त्वचेतून अखंड आरपार जातो, असा जो समज पसरवला जातो, त्याला बहुतेक वाहकांच्या बाबतीत आधार नाही. नेहमीचा लायपोसोम बाहेरच्या थरातच फुटतो किंवा तेथील मेदात मिसळतो, आणि आतला रेणू पुढे जायचा तेवढा जातो. मद्यार्काचे प्रमाण बरेच ठेवून केलेले इथोसोम अधिक खोल पोहोचवतात, पण तेच मद्यार्क कोरड्या किंवा नाजूक त्वचेला झोंबते. न वाकणारे कण मुख्यतः केसांच्या मुळांशी असलेल्या पोकळीत साठतात. या संदर्भात जर्मनीतील लाडेमान यांच्या गटाचे निष्कर्ष मला मोठे बोलके वाटतात : मालिश केल्यावर सर्वांत खोल पोहोचलेले कण सुमारे 300 ते 600 नॅनोमीटरचे होते, म्हणजे ज्यांना प्रचलित व्याख्येप्रमाणे (1 ते 100 नॅनोमीटर) नॅनो म्हणताही येत नाही. ‘जितके सूक्ष्म तितके खोल’ हे सूत्र त्यामुळे सरसकट खरे नाही.

दुसरी गोष्ट माझ्या रोजच्या कामातली आहे. वाहक जर काही आत नेत असेल, तर तो निवड करत नाही. त्याच जेलमधील सुगंधद्रव्य आणि परिरक्षक यांचाही प्रवेश वाढू शकतो. नैसर्गिक म्हणून घातलेली लिंबाची किंवा लव्हेंडरची तेले संवेदनशील त्वचेवर पुरळ आणतात हे आम्ही एरवीही पाहतो, त्यांना अधिक आत नेणारे माध्यम मिळाले तर पुरळ कमी होण्याचे कारण नाही. नॅनो जेलमध्ये सुगंध घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वांगाविषयी तर मी आग्रहाने सांगेन. द्राक्षबागेत भर उन्हात काम करणाऱ्या स्त्रियांचे वांग कोणत्याही अर्काने नाहीसे होत नाही. ऊन, गर्भारपण, काही गोळ्या आणि आनुवंशिकता अशी त्याची कारणे आहेत, आणि सनस्क्रीन, टोपी व ओढणी यांच्याशिवाय केलेला उपचार टिकत नाही. अनेक जणी गोरेपणाच्या नावाने मिळणारी स्टेरॉइडयुक्त मलमे वर्षानुवर्षे लावून चेहरा पातळ व लाल झाल्यावर येतात. त्यांना ‘वांग नाहीसे करणारे’ आणखी एक जेल मिळाले, तर उपचार आणखी लांबतो. ही ओळ तुमच्या वेष्टनावर कृपया येऊ देऊ नका.

वैद्य_पंचवटी

‘सातव्या थरापर्यंत’ हे शब्द कोठून आले असावेत, याचा अंदाज येतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अवभासिनीपासून मांसधरेपर्यंत त्वचेचे सात थर सांगितले आहेत, आणि सातवा थर मांसधरा आहे. सौंदर्यप्रसाधन तिथपर्यंत पोहोचवण्याची इच्छा कोणाला का व्हावी, हेच समजत नाही. खरोखर पोहोचले, तर ते प्रसाधन न राहता औषध ठरेल आणि त्याच्या मात्रेचा विचार करावा लागेल.

मात्र सावली यांनी केसांच्या मुळांचा उल्लेख केला, त्यावरून सुश्रुतांचेच एक निरीक्षण सांगावेसे वाटते. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात लेप केसांच्या दिशेच्या उलट लावावा असे सांगितले आहे, कारण त्यामुळे औषध नीट टिकते आणि रोमकूपांत शिरते. लेप वाळल्यावर तसाच राहू देऊ नये, हेही तिथेच आहे. यावरून ‘प्राचीन नॅनोतंत्रज्ञान’ असे काही सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही, आणि तसे कोणी वेष्टनावर छापले तर मला वाईटच वाटेल. निरीक्षण म्हणून ते चोख आहे, इतकेच.

कोरफडीबद्दल एक व्यावहारिक सूचना. पान कापल्यावर जो पिवळा चीक निघतो, तो पूर्ण निथळू द्यावा. वाळवल्यावर त्याचाच काळा बोळ होतो. तो तीव्र असून काहींच्या त्वचेला सोसत नाही. गर काढताना घाई झाली की चीक जेलमध्ये उतरतो आणि मग दोष नव्या घटकावर येतो. तसेच बावचीचा नॅनो अर्क असा काही प्रस्ताव आला, तर बावचीच्या बियांत सोरालेन असते आणि त्यावर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होते, हे लक्षात ठेवावे.

सावली

वैद्यराजांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड देते. बावचीपासून वेगळे काढून शुद्ध केलेले बाकुचिऑल आणि बावचीचा सरसकट अर्क या दोन निराळ्या वस्तू आहेत. शुद्ध बाकुचिऑलची 0.5 टक्के मात्रा सुरकुत्यांवर वापरल्या जाणाऱ्या रेटिनॉलच्या 0.5 टक्के मात्रेच्या तोडीस तोड उतरल्याचे एका बारा आठवड्यांच्या तुलनेत दिसले होते. त्यात 44 जणांचा सहभाग होता, म्हणजे अभ्यास लहानच होता, परंतु निदान माणसांवर, नियंत्रित पद्धतीने केलेला होता. विशेष हे की त्यात नॅनो वाहकाचा मुद्दाच नव्हता. रेणू योग्य असेल, तर साधे क्रीमही पुष्कळ काम करते.

बागाईतदार_दिंडोरी

मंडळी, आपण सर्व जण बियांविषयी बोलत आहात, परंतु नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षात बी कुठे आहे? थॉमसन, सोनाका, शरद, क्रिमसन या साऱ्या बिनबियांच्या जाती आहेत. निफाड, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यातला बहुतांश माल हाच आहे. बी हवी असेल तर वाइनच्या द्राक्षांकडे, म्हणजे शिराझ, कॅबरने सॉव्हिन्यो, शेनिन ब्लाँ यांच्या चोथ्याकडे जावे लागते. पुरवठादार ‘नाशिकच्या द्राक्षबियांचा’ अर्क म्हणत असेल, तर कोणत्या जातीचा आणि कोणत्या हंगामाचा हे विचारावे. परराज्यातून किंवा परदेशातून आलेल्या भुकटीवर नाशिकचे नाव लावणे कठीण नाही.

मी वाइनची द्राक्षे लावतो, म्हणून आणखी थोडे सांगतो. तांबड्या वाइनमध्ये रस साल आणि बियांसह आंबवला जातो, त्यामुळे बियांतील बराच कस वाइनमध्येच उतरतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस वेगळा करतात, म्हणून शेनिन ब्लाँच्या चोथ्यातील बी अधिक भरलेली असते. पण त्या चोथ्यात साखरही शिल्लक असते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तो ढीग करून ठेवला तर तासाभरात गरम होऊ लागतो आणि लवकरच त्यावर बुरशी धरते. बी त्याच दिवशी वेगळी करून धुऊन सावलीत पातळ पसरवून वाळवली नाही, तर पुढे प्रयोगशाळेत काहीही केले तरी मूळ मालच हिणकस असतो. सध्या हा चोथा बहुधा खतात जातो.

फवारणीचा मुद्दा मात्र कोणी काढला नाही. केवडा आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी द्राक्षाला किती वेळा फवारे द्यावे लागतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. युरोपला जाणाऱ्या खाण्याच्या द्राक्षांचे अवशेष तपासण्याची व्यवस्था अपेडाच्या (कृषी निर्यात प्राधिकरणाच्या) ग्रेपनेट प्रणालीत आहे, परंतु चोथ्याकडे तसे कोणी पाहत नाही. अर्क करताना कस जसा एकवटतो, तसे अवशेषही एकवटू शकतात. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातील मोरचुदामुळे तांबेही येते. अर्काच्या प्रत्येक बॅचचा कीडनाशक अवशेष आणि जड धातूंचा अहवाल मागा. तो देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्याकडून माल घेऊ नका.

रसायनी

तांब्याविषयी आपण योग्य बोललात. त्याचा आणखी एक परिणाम असा की तांबे आणि लोह पॉलिफिनॉलांच्या ऑक्सिडीकरणाला वेग देतात, त्यामुळे असे जेल लवकर काळवंडते.

अंबडकर

मी प्रसाधने तयार करणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन पाहतो, म्हणून यंत्रावर काय होते ते लिहितो. प्रयोगशाळेतील सुंदर नमुना दोनशे किलोच्या टाकीत गेला की वेगळेच वागू लागतो, आणि या धाग्यावर त्याची चर्चा व्हायला हवी.

बाजारातील बहुतेक पारदर्शक जेल कार्बोमरचे (कार्बोपॉल हे त्याचेच व्यापारी नाव) असते. तो खनिज तेलापासून मिळणाऱ्या ॲक्रिलिक आम्लाचा पॉलिमर आहे, वनस्पतीशी त्याचा संबंध नाही. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ असे छापून आत कार्बोमर वापरणारे पुष्कळ आहेत. शिवाय कार्बोमरला क्षार सहन होत नाहीत. कोरफडीच्या गरात खनिजे असतात, अर्कातही असतात, आणि दोन्ही एकत्र आले की सकाळी घट्ट दिसलेले जेल संध्याकाळी ओघळू लागते. मग कोणी तरी कार्बोमर वाढवतो, ट्रायइथेनॉलअमाइनने सामू (पीएच) चढवतो आणि चढलेल्या सामूत द्राक्षाचा अर्क तपकिरी होतो. आंबवणीतून मिळणारा झँथन गम क्षार आणि आम्लता सोसतो, परंतु त्याचे जेल किंचित ओशट आणि तारा सुटणारे लागते. ग्राहकाला ते ‘शेंबडासारखे’ वाटते, हे कटू असले तरी खरे आहे. झँथन आणि हायड्रॉक्सीइथिल सेल्युलोज यांचे मिश्रण करून मार्ग काढता येतो. सामू साडेचार ते पाचच्या आसपास ठेवला तर अर्कही टिकतो आणि सोडियम बेंझोएट व पोटॅशियम सॉर्बेट हे परिरक्षकही काम करतात. सामू सहाच्या वर गेला की हे दोन्ही परिरक्षक निरुपयोगी होत जातात.

पाण्याचा विचार स्वतंत्र करावा लागतो. बोअरच्या पाण्यात लोहाचा अंश असला तरी अर्कातील टॅनिनशी त्याची गाठ पडून जेल निळसर काळे पडते. विआयनीकृत पाणी आणि चांगल्या प्रतीच्या स्टीलची भांडी यांना पर्याय नाही.

लायपोसोमसाठी तापमान हा सर्वांत मोठा शत्रू आहे. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा किती खाली जातो आणि एप्रिलमध्ये मेन रोडवरच्या दुकानाच्या शोकेसमध्ये किती उष्मा असतो, हे आपण सर्व जाणतो. जेल घट्ट असल्याने कण एकमेकांवर आदळण्याचा वेग कमी होतो हा फायदा, पण लेसिथिनचे ऑक्सिडीकरण थांबत नाही. त्याचा खवट वास आला की समजावे. म्हणून चाळीस अंश सेल्सिअस आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या तयार जेलचे निरीक्षण केल्याशिवाय, आणि गोठवून पुन्हा वितळवण्याच्या काही फेऱ्या केल्याशिवाय, मुदतीची तारीख छापू नये.

परवान्याचे म्हणाल तर प्रसाधने आता 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली येतात आणि राज्यात अन्न व औषध प्रशासन परवाना देते. उत्पादकाचा परवाना सीओएस-8 आणि लोन लायसन्स सीओएस-9 नमुन्यात असते. नवे उत्पादन करायचे तर ते तुमच्या परवान्यात समाविष्ट करून घ्यावे लागेल, जुन्या कोरफड जेलच्या मंजुरीवर हे चालणार नाही. वांग, मुरूम, इसब बरे करतो असा दावा छापला की ते प्रसाधन राहत नाही, ते औषधाच्या कक्षेत जाते. आयुर्वेदिक उत्पादन म्हणून न्यायचे असेल तर त्याचा परवाना, कारखाना आणि तज्ज्ञ सर्वच वेगळे लागतात. जिन्नसांच्या यादीत युरोपात न विरघळणाऱ्या नॅनो घटकाच्या नावापुढे ‘नॅनो’ लिहिणे बंधनकारक आहे. लायपोसोम विरघळून जाणारे असल्याने सहसा त्या व्याख्येत बसत नाहीत. गंमत अशी की तिकडे तो शब्द ग्राहकाला सावध करण्यासाठी छापतात आणि इकडे भुरळ घालण्यासाठी.

गोदाकाठ

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिलेत, आभारी आहे. पुरवठादाराकडे कागद मागितले. त्यांनी एक पानाचा अहवाल पाठवला आहे. त्यात कणांचा सरासरी आकार 180 नॅनोमीटर, पीडीआय 0.42 आणि झीटा विभव उणे 21 मिलिव्होल्ट असे लिहिले आहे. द्रावणात अर्काचे प्रमाण पाच टक्के आहे, असे फोनवर सांगितले. अर्काची जात, हंगाम आणि अवशेष यांविषयी उत्तर आलेले नाही. हे आकडे चांगले आहेत का?

रसायनी

आकडे वरवर वाईट दिसत नाहीत, पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो तुमचा प्रश्न नाही.

पीडीआय म्हणजे कणांच्या आकारातील विषमता. ती 0.3 च्या खाली असली की कण बऱ्यापैकी एकसारखे मानतात. 0.42 म्हणजे लहान-मोठे कण मिसळलेले आहेत, म्हणून 180 ही सरासरी फारसे काही सांगत नाही. झीटा विभव, म्हणजे कणांवरील विद्युतभाराचे माप, उणे 30 च्या पलीकडे असते तर कण एकमेकांना चांगले दूर ठेवत असल्याचे मानता आले असते, उणे 21 ला तसे खात्रीने म्हणता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही मोजणी ताज्या, विरळ केलेल्या द्रावणाची आहे. प्रकाशाच्या विखुरण्यावर आधारलेली ही पद्धत घट्ट जेलमध्ये थेट चालत नाही. तुमच्या जेलमध्ये, त्यातील क्षार, परिरक्षक आणि पॉलिमर यांच्या सहवासात तीन महिन्यांनी कण शिल्लक राहतात का, हे कळायला तयार जेलचा नमुना काळजीपूर्वक विरळ करून मोजावा लागतो आणि शक्य असल्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. अर्कापैकी किती भाग कणांच्या आत आहे आणि किती बाहेर मोकळा फिरतो आहे, हा आकडा तर अहवालात नाहीच.

आता साधा हिशेब करू. द्रावणात अर्क पाच टक्के, आणि तुम्ही द्रावण दोन टक्के घालणार. म्हणजे तयार जेलमध्ये अर्क 0.1 टक्के झाला. पन्नास ग्रॅमच्या ट्यूबमध्ये पन्नास मिलिग्रॅम. चेहऱ्याला एका वेळी अर्धा ग्रॅम जेल लावले, तर त्यात अर्धा मिलिग्रॅम अर्क असेल, आणि त्यातील निम्माच कणांत असला तर पाव मिलिग्रॅम. ऊसाच्या रसाच्या ग्लासात आल्याचा वास दाखवावा, तसा हा प्रकार आहे. इतक्या मात्रेने त्वचेवर काही मोजता येण्याजोगे घडते असे पुरवठादारास वाटत असेल, तर त्यांनी याच मात्रेचे जेल आणि अर्कविरहित कोरे जेल यांची तुलना दाखवावी. बहुतेक जाहिरातींत ‘लावण्यापूर्वी’ आणि ‘लावल्यानंतर’ एवढेच असते. कोरफडीच्या कोऱ्या जेलनेही त्वचा ओलसर व तुकतुकीत दिसते, मग श्रेय कोणाला द्यायचे?

बीफार्म_तिसरे_वर्ष

सर, त्वचेतून किती जाते हे फ्रान्झ सेलवर, म्हणजे पडद्यातून पलीकडे गेलेला पदार्थ मोजण्याच्या काचेच्या उपकरणावर, मोजता येईल ना? आम्हाला डायलिसिसच्या पडद्यावर करायला शिकवले आहे.

रसायनी

डायलिसिसच्या पडद्यावर वाहकातून रेणू किती वेगाने सुटतो हे कळते, त्वचेतून किती जातो हे नाही, कारण त्या पडद्यात मेदाचा गिलावाच नसतो. त्यासाठी डुकराच्या कानाची त्वचा वापरतात, ती माणसाच्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी जिवंत प्राण्यांवरील चाचण्यांना 2014 पासून बंदी आहे, कत्तलखान्यातून आणलेली त्वचा हा निराळा विषय आहे. प्रकल्प करणार असाल तर साधा अर्क, नॅनो अर्क आणि कोरे जेल अशी तिन्ही घ्या, आणि त्वचेच्या कोणत्या थरात किती राहिले तेही मोजा. प्रसाधनात तर घटक बाहेरच्या थरांत राहणेच अपेक्षित असते, आरपार जाणे ही फुशारकीची गोष्ट नाही.

बागाईतदार_दिंडोरी

रसायनी सर, आपण आरंभी तिसरा प्रकार सांगितला होता, सेल्युलोजच्या तंतूंचा. त्याचे पुढे काय? आमच्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला काड्यांचे ढीग पडतात.

रसायनी

हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण नाशिकला करण्यासारखे काही असेल तर ते इथे आहे असे मला वाटते. काडीतील लिग्निन काढून उरलेले सेल्युलोज यांत्रिक दाबाने मोकळे केले की काही नॅनोमीटर जाडीचे आणि लांबलचक तंतू मिळतात. पाण्यात एखाद-दोन टक्के तंतू असले तरी जेल जमते, बोटाने दाबले की वाहते आणि सोडले की पुन्हा स्थिरावते. कार्बोमरच्या जागी असा सांगाडा आला, तर ‘वनस्पतिजन्य जेल’ या शब्दांना खरा आधार मिळेल, आणि हे तंतू त्वचेच्या आत जावेत अशी अपेक्षाही नसते, ते पृष्ठभागावर ओलावा धरतात. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे सिरकॉटमध्ये, नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्प 2015 पासून आहे. द्राक्षाच्या काडीत लिग्निन भरपूर असल्याने विरंजनाचा खर्च कापसाच्या तुलनेत वाढेल, सांडपाण्याचाही प्रश्न येईल, त्यामुळे उद्या लगेच उत्पादन निघेल असे मी म्हणणार नाही. बचत गटाच्या आवाक्यातले हे काम नाही, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या आवाक्यातले असू शकते.

अंबडकर

सिरकॉटसारखे तंतू बाजारभावाने मिळाले तर मी पहिल्याच आठवड्यात टाकी लावीन. अडचण एकच, तंतूंचे जेल काचेसारखे पारदर्शक होत नाही, किंचित धूसर राहते, आणि आपल्या ग्राहकाला जेल म्हणजे पारदर्शकच हवे असते.

गोदाकाठ

काल गटाची बैठक झाली. पुरवठादाराने अर्काची जात व अवशेष अहवाल अद्याप दिला नसल्याने नॅनो द्रावण घ्यायचे नाही, असे ठरले. दोघी-तिघींचा विरोध होता, कारण नाशिक रोडच्या एका प्रदर्शनात ‘नॅनो’ लिहिलेले फेसवॉश हातोहात खपताना त्यांनी पाहिले आहे. तो विरोध मला समजतो, विक्री शेवटी त्यांनाच करायची असते.

त्याऐवजी साधा द्राक्षबी अर्क 0.5 टक्के, झँथन व हायड्रॉक्सीइथिल सेल्युलोजचे जेल, सामू पाचच्या खाली, सुगंध नाही, असा एक नमुना अंबडकर दादांच्या सल्ल्याने करून पाहणार आहोत. दावा फक्त ‘त्वचेला ओलावा देते’ एवढाच असेल. सावली मॅडम, गटातील भगिनींनी आधी स्वतःवर कसे तपासावे?

सावली

कोपराच्या आतल्या बाजूला, साधारण रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर लावावे आणि धुऊ नये. एकदा लावून दुसऱ्या दिवशी पाहणे पुरेसे नाही, कारण ॲलर्जी कित्येकदा चौथ्या-पाचव्या दिवशी दिसते. दुसऱ्या हाताला त्याच पद्धतीने अर्क नसलेले कोरे जेल लावा, म्हणजे खाज आली तर ती अर्काची की परिरक्षकाची, हे कळेल. ज्यांना इसब आहे किंवा चेहऱ्यावर सध्या कोणते मलम चालू आहे, त्यांना या तपासणीतून वगळा. हे घरगुती प्राथमिक निरीक्षण झाले, कारखान्याने करावयाची सुरक्षितता तपासणी वेगळी आणि ती टाळता येणार नाही.

बागाईतदार_दिंडोरी

गोदाकाठ ताई, जानेवारीअखेर आमची शेनिन ब्लाँची तोडणी सुरू होईल. वाइनरीशी बोलून थोडा चोथा त्याच दिवशी बाजूला काढून बी वाळवून देता येईल. फवारणीची नोंदवही दाखवीन, अवशेष तपासणीचा खर्च मात्र निम्मा-निम्मा करू. बी किती किलो लागेल ते आधी कळवा, म्हणजे वाळवण्यासाठी शेडनेटखाली जागा ठेवता येईल.